ओळीतलं घर : नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ओट्यावर हल्ली तीन प्रकारचे लोक येतात. टेप घेऊन येणारी आर्किटेक्चरची पोरं, कॅमेरा घेऊन येणारी लग्न ठरलेली जोडपी आणि हात हलवत येणारे दलाल. प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच. आईचे गुडघे आता दर वेळी उठून सांगण्याच्या लायकीचे राहिले नाहीत, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवते आहे. यायच्या आधी वाचून या, म्हणजे चहाला वेळ उरेल.

हा वाडा आहे का?

नाही. दलाल जाहिरातीत ‘वाडा’ लिहितात, कारण त्या शब्दाला भाव आहे. वाड्याला सहसा चारही बाजूंनी स्वतःच्या भिंती असतात. आमच्या घराला स्वतःची म्हणता येईल अशी भिंत फक्त पुढची आणि मागची. डावी-उजवी शेजाऱ्यांबरोबर सामाईक.

महालात वाडे होते आणि काही अजून आहेत. चिटणवीसांचा वाडा बघायला लोक लांबून येतात. भोसल्यांचा जुना राजवाडा काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकडाचा होता, तो १८६४ सालच्या आगीत जळाला. आमचं घर त्या वाड्यांत कामाला जाणाऱ्यांच्या वस्तीतलं. अशा घरांच्या रांगेला नागपुरात ‘ओळ’ म्हणतात. गणपती घडवणाऱ्यांच्या चितार ओळीचं नाव तर आता मेट्रोच्या स्टेशनलाही आहे. त्यामुळे ‘रो हाऊसला मराठीत काय म्हणायचं?’ असं कुणी विचारलं, की मी त्यांना पत्ता वाचायला सांगते.

घर इतकं अरुंद आणि इतकं लांब का?

पुढची रुंदी साडेचौदा फूट, लांबी ब्याऐंशी फूट. दारात उभं राहिलं तर मागच्या परसदारातला उजेड एखाद्या नळीच्या टोकाला असावा तसा दिसतो. याची दोन कारणं.

पहिलं लाकूड. जुनी माणसं घर फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. तुळया आडव्या, या भिंतीवरून त्या भिंतीवर टाकलेल्या. म्हणजे सागवानाचा सरळ, बिनगाठीचा तुकडा जेवढा लांब मिळेल, तेवढीच घराची रुंदी. चांदा-आलापल्लीच्या जंगलांमुळे सागवानाची इथे चणचण नव्हती, तरी वीस फुटी तुळई सामान्य कारकुनाच्या खिशाला परवडत नसणार. मागे मात्र हवे तेवढे खण जोडत जावेत. आमच्याकडे ते तसेच जोडत गेले.

दुसरं कारण माणसं. भावांची वाटणी झाली की रस्त्याची बाजू प्रत्येकाला हवी असते, परसदार कुणालाच नको असतं. त्यामुळे घर लांबीत चिरलं जातं. आमच्या माजघरात एका बाजूला अर्ध्या विटेची एक पडदी आहे. भिंतींच्या मानाने ती इतकी पातळ आहे की पलीकडच्या काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो आणि आमचा भात त्यांच्या अंदाजाने उतरवतो. ती पडदी म्हणजे पणजोबा आणि त्यांच्या भावाचं भांडण. भांडण मिटून साठ-सत्तर वर्षं झाली, पडदी काढायचं कुणाच्या मनात आलं नाही.

आत काय काय आहे?

रस्त्याकडून मागे जाऊ. नालीवरून टाकलेली फरशी, काळ्या दगडाचं जोतं, ओटा. मग सागवानी दुपाखी दार, चौकटीवर गणेशपट्टी, आत भिंतीत सरकणारा अडसर. दारामागे ढेलज, म्हणजे पुढची खोली. तिथून सपरी (ओसरी), सपरीत बंगई (झोपाळा). मग चौक, म्हणजे वर उघडं असलेलं आठ बाय दहाचं अंगण, कडेला न्हाणी आणि विहीर. विहीर सामाईक भिंतीच्या बरोबर खाली आहे, अर्धी आमच्याकडे, अर्धी शेजारी. लहानपणी आम्ही पलीकडची बादली वर जाताना धरून ठेवायचो आणि शिव्या खायचो. चौकाच्या मागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, परसदार. वर जायला भिंतीत लपवलेला उभा जिना, त्याच्या डोक्यावर झडप, वर माडी.

माडीवर पूर्वी कवेलू (कौलं) होते. दर वर्षी मृगाच्या आधी ते फेरावे लागत. आता टीनपत्रे आहेत. पाऊस सुरू झाला की आई बोलत असली तरी फक्त ओठ हलताना दिसतात.

घर किती जुनं आहे?

बांधल्याचा शिलालेख वगैरे काही नाही. घर स्वतः जे सांगतं, त्यावर भागवावं लागतं.

नागपूरला रेल्वे १८६७ साली आली. त्यानंतर लोखंडी गर्डर इथे सहज पोचू लागले. जमशेदपूरचं टाटांचं पोलाद १९१२ पासूनचं. आमच्या पुढच्या चार खणांत सगळं कडीपाट (लाकडी कड्या, वर फळ्या) आहे, लोखंडाचा खिळासुद्धा हाताने ठोकलेला, चौकोनी डोक्याचा. मागचं स्वयंपाकघर गर्डर-फरशीचं. म्हणजे पुढचा भाग आधीचा, मागचा नंतरचा. वायरिंग लाकडी पट्टीतलं होतं, ते आम्ही बदललं. विटा पातळ, मातीत रचलेल्या आणि वरून चुन्याने मढवलेल्या.

एवढ्यावरून घर ‘भोसलेकालीन’ ठरवू नका. एका पाहुण्याने तसं लिहून टाकलं आणि दोन महिने लोक आमच्या विहिरीत तलवार शोधायला येत होते.

वस्ती मात्र घराहून पुष्कळ जुनी. देवगडच्या बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवलं. पुढे भोसल्यांच्या काळात महाल हा शहराचा मध्य झाला. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी ही भोवतालची नावं बाजारांच्या दिवसांवरून पडली.

पुढच्या खोलीत आजवर काय काय होतं?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबेल.

सुरुवातीला ती नुसती ढेलज होती. बाहेरचा माणूस तिथे थांबायचा, ओळखीचा सपरीपर्यंत जायचा, घरचा चौकात. पणजोबा कारकून होते, तिथे बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. मग एक शिंपी भाड्याने आला. त्याच्या मशिनीचा पाय जिथे बसायचा तिथे फरशीला अजून चार खळगे आहेत.

शिंप्यानंतर छापखाना. पायाने चालवायची ट्रेडल मशीन होती. ती सुरू झाली की माजघरातली भांडी किणकिणायची. लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका छापल्या जायच्या. परीक्षेच्या दिवसांत आजोबा आम्हा पोरांना पुढच्या खोलीत पायही ठेवू देत नसत. छापखाना जाऊन जमाना झाला, पण फरशीच्या फटीतून अजून शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, निघतात. मागच्या दिवाळीत झाडताना एक ‘ळ’ मिळाला, उलटा, एका बाजूने झिजलेला. तो मी ठेवून घेतला आहे. टेपवाल्या पोरांना तो दाखवला की आधी त्यांना वाटतं ही कसली तरी घराची कडी आहे.

मग शिकवणी वर्ग आला. त्यानंतर एसटीडी-पीसीओ, त्याची काचेची केबिन अजून आहे आणि आई तिच्यात पापड-कुरडयांचे डबे ठेवते. मग मोबाईल रिचार्ज. आता वर्षभर खोली एका झेरॉक्सवाल्याकडे असते, पण पोळा जवळ आला की तो आपलं मशीन एका कोपऱ्यात सरकवतो आणि उरलेली जागा चितार ओळीतल्या एका मूर्तिकाराकडे जाते. त्यांच्या ओळीत तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. आमच्या दाराची रुंदी तीन फूट दोन इंच. त्यामुळे मोठा गणपती आत आडवा येतो आणि रंगवला की बाहेर आडवा जाऊ शकत नाही. एका वर्षी रंगवून झाल्यावर हे लक्षात आलं. दाराची एक चौकट काढावी लागली. ती परत बसवणारा सुतार मिळायला नवरात्र उजाडलं.

एवढे बदल या खोलीने कसे सोसले? वर सांगितलं तसं, तुळया बाजूच्या भिंतींवर बसलेल्या आहेत. पुढच्या भिंतीवर घराचा भार जवळजवळ नाहीच. ती काढा, फळ्या लावा, शटर लावा, घर हलत नाही. म्हणून इतवारीत आणि महालात जुन्या घरांच्या तोंडाशी दुकानं इतक्या सहज निघाली. केळीबाग रोड रुंद होताना घरं-दुकानं पुढून कापली गेली, आणि मागे उरलेली घरं नवीन तोंडं लावून उभी राहिली, त्यातही याच रचनेचा हात आहे.

माडीवर कोण राहत होतं?

भाडेकरू. नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होतं, आधी मध्य प्रांताची आणि मग तेव्हाच्या मध्य प्रदेशाची. खेड्यापाड्यांतून आणि जबलपूर-रायपूरकडून आलेले कारकून, मास्तर, मिलमधले लोक एकेक खोली घेऊन राहायचे. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल इथून फार लांब नव्हती. आमच्या माडीवर एका वेळी तीन चुली होत्या, असं आजी सांगायची. राज्य बदललं तसे दोन बिऱ्हाडं बदलीच्या गावी गेली. एक राहिलं, ते अजून आहे.

भाडं खरंच एवढं कमी आहे?

हो. २००० साली, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला तेव्हा आमच्या माडीचं भाडं महिना ४५ रुपये होतं. त्याआधी १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश होता आणि भाडं गोठलेलंच होतं. नव्या कायद्याने दर वर्षी ४ टक्के वाढ मिळते. पहिल्या वर्षी ती १ रुपया ८० पैसे भरली.

याच कायद्यात दुरुस्ती घरमालकाने करायची असं आहे. त्याने नाही केली तर भाडेकरूने १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. आता हिशेब करा. ४५ रुपयांप्रमाणे वर्षाचे ५४०, चौथा हिस्सा १३५. एवढ्या पैशांत कवेलूवाला शिडी तरी आणेल का? मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला वळती करता येत नाही, आणि पाऊस दोघांच्याही डोक्यावर गळतो. जुन्या नागपुरातली घरं का पडली याचं उत्तर शोधणाऱ्यांनी उधईच्या (वाळवीच्या) आधी हा हिशेब बघावा.

आमचे काकाजी, म्हणजे माडीवरचे भाडेकरू, यात खलनायक नाहीत. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा रात्री-बेरात्री खाली उतरून येणारे तेच होते. टीनपत्र्यांचे अर्धे पैसे त्यांनी दिले, पावती मागितली नाही. बाबांनीही कोर्टाची पायरी चढली नाही. आमच्याच ओळीत दुसऱ्या टोकाला मालक-भाडेकरूंचा खटला तीस वर्षं चालला. निकाल लागायच्या आत घराचा मधला भाग बसला.

उन्हाळ्यात हे घर गार राहतं, हे खरं का?

बऱ्यापैकी खरं, पण घराला तुम्ही साथ द्यावी लागते. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. दीड-दोन फुटांच्या भिंतीतून ऊन आत पोचायला दिवस जातो. चौकातून गरम हवा वर निघून जाते आणि ढेलजेकडून ओढ लागते. सकाळी आठला दारं-खिडक्या बंद, संध्याकाळी चौकात पाणी शिंपायचं, रात्री सगळं उघडं. दोन्ही बाजूंना घरं असल्याने ऊन लागणाऱ्या भिंती दोनच, हा ओळीचा मोठा फायदा.

माकडं येतात म्हणून भावाने एका वर्षी चौकावर पारदर्शक पत्रा टाकला. त्या वर्षी सपरीत बसवेना. गरम हवेला जायला वाटच नव्हती. दिवाळीत पत्रा काढला, लोखंडी जाळी लावली.

माडीवर मात्र कूलर लागतो, टिनाखाली दुसरा इलाज नाही. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवा आणि पाणी भिंतीवर गळू देऊ नका. चार महिने रोज ओली राहिलेली भिंत आणि तिच्यात बसलेलं तुळईचं टोक म्हणजे उधईला निमंत्रण.

भिंतींना सिमेंटचं प्लास्टर करावं का?

आम्ही केलं. चूक झाली.

एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून तळमजल्याला चार फुटांपर्यंत सिमेंट चढवलं. पहिलं वर्ष छान गेलं. मग चार फुटांच्या वर लोणा (ओलीने फुटणारा पांढरा खार) दिसू लागला, पाच फुटांवर, सहा फुटांवर. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि चुन्यातून बाहेर सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं, तशी ओल वर चढत गेली. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने हातोडीने प्लास्टर ठोकून ऐकवलं. पोकळ वाजत होतं. म्हणाला, “ताई, भितीले काई नाही झालं. तिले श्वास घेऊ द्या नं.”

सगळं सिमेंट उतरवलं, भिंत एक उन्हाळा उघडी वाळू दिली, मग चुना. चुना आधी भिजवून मुरवला, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घातलं. महिनाभर घराला हलवायाच्या भट्टीचा वास येत होता आणि मुंग्या मोजायची सोय नव्हती.

परसदारामागची अरुंद गल्ली कशाची?

मैला उचलणाऱ्यांची. पाहुण्यांना सांगताना घरातले लोक इथे विषय बदलतात, म्हणून मी लिहून ठेवते. घराला मागे संडास होता, त्याखाली टोपली, आणि ती बाहेरच्या बाजूने ओढायला गुडघ्याएवढी खिडकी. ते काम करणाऱ्या बायका-माणसांनी पुढच्या रस्त्याने येऊ नये, घरच्यांना दिसू नये, यासाठी ही गल्ली आखलेली. १९९३ साली कायद्याने असे संडास आणि ही प्रथा बंद केली. आमच्याकडे फ्लश त्याआधी आला होता. खिडकी विटांनी बुजवली आहे, पण विटा वेगळ्या असल्याने जागा ओळखू येते. चौकाशेजारची दाराशिवाय कोनाडेवजा जागा दिसेल, तीही अशीच. महिन्याचे चार दिवस घरातल्या बायका तिथे बसायच्या. गणेशपट्टीचे फोटो काढता, तसे या दोन्ही जागांचेही काढा.

शेजारचं घर पाडणार असतील तर काय करावं?

हा प्रश्न ओळीतली माणसं विचारतात आणि बहुतेक वेळा उशिरा विचारतात.

आमच्या उजवीकडचं घर काही वर्षांपूर्वी पाडलं. त्यांच्या तुळयांची टोकं आमच्याच भिंतीत होती. मजुरांनी ती सब्बल घालून ओढून काढली. दोन खोबण्यांतून पलीकडचं आकाश दिसू लागलं, आणि एका ठिकाणी आमची तुळई त्यांच्या तुळईला टेकलेली होती, ती बोटभर खाली आली. शिवाय जी बाजू शंभर वर्षं घराच्या आत होती, ती उघडी पडली. त्या बाजूला कधी चुना नव्हताच, नुसती मातीची लिपाई. तोंडावर मृग. पहिला पाऊस आम्ही एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स भिंतीवर ताणून काढला. दोन पावसाळे ते गृहस्थ हात जोडून आमची भिंत वाचवत होते.

त्यातून शिकलेलं सांगते. पाडकाम सुरू व्हायच्या आधी आपल्या बाजूच्या प्रत्येक खोलीचे, प्रत्येक जुन्या भेगेचे तारखेसह फोटो काढा. आपल्या तुळयांखाली आधी टेकू लावून घ्या. शेजाऱ्याच्या तुळया ओढू देऊ नका, भिंतीलगत करवतीने कापू द्या, टोक आत राहिलं तरी चालेल. नव्या इमारतीच्या पायासाठी सामाईक भिंतीला लागून सलग चर खणू देऊ नका. एक तुकडा खणायचा, भरायचा, मगच पुढचा. उघडी पडणारी बाजू पावसाआधी चुन्याने मढवून देणं, हे सगळ्यात आधी आणि लेखी घ्या. तोंडी ‘करून देऊ भाऊ’ला अर्थ नसतो.

घर हेरिटेज यादीत आहे का?

नाही.

कर्ज मिळतं का? कागदपत्रं काय?

आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीचा उतारा, काढा आणि तिच्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते बघा. आमच्यावर अकरा आहेत, त्यांतले चौघे हयात नाहीत. बँकेचा माणूस तिथेच फाईल मिटवतो. जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, असेल तर लीजची मुदतही तपासा.

प्री-वेडिंग शूटसाठी देता का?

बंगईवर बसा, विहिरीवर नाही. पैसे घेतो.

विकणार का?

अकरा नावांची सही झाली तर बोलू. आतापर्यंत पाच जण एका वेळी एका खोलीत जमले आहेत, तेही तेराव्याला.

बघायला कधी यावं?

चौकातलं ऊन सकाळी दहा ते अकराच्या मध्ये विहिरीच्या काठावर येतं, तेव्हा कडीपाट छान दिसतो. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, आलात तर माडीच्या खिडकीत जागा नाही. ती काकाजींच्या नातवंडांनी आणि आमच्या भाच्यांनी आधीच वाटून घेतलेली असते, आणि खालून ‘ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत’ सुरू झालं की कुणी कुणाचं ऐकत नाही. एरवी कधीही या, दुपारी एक ते चार सोडून. चौकट पाच फूट चार इंच उंच आहे आणि उंबरठा नऊ इंच. वर बघाल तर ठेच लागेल, खाली बघाल तर डोकं आपटेल. आमच्याकडे पोरं दोन्ही हात चौकटीला लावून आत येतात, तसं या.